चंदनाचे शेक

डॉक्टर हेर्लेकर मॅडम चंदनाच्या मानेवर जांभळ्या शाईनं चौकोन आखत होत्या आणि चंदनाला हसू आवरत नव्हतं. शाईची काडी कानाच्या पाळीखालून फिरली की ती खांदा वर घ्यायची. मॅडम म्हणाल्या, हललीस तर रेघ वाकडी जाईल आणि मशीनला जागा सापडायची नाही. मग तिनं डोळे घट्ट मिटले, ओठ आत ओढून धरले, आणि तरी तिचं पोट हसण्यानं हलतच राहिलं. आत्या दारात उभी होती. दुखतंय का, असं तिनं मला खुणेनंच विचारलं. मी मानेनं नाही म्हटलं.

चंदना माझी एकुलती एक मुलगी. तेव्हा अकरा वर्षांची होती. मानेच्या दोन्ही बाजूंना गाठी आल्या होत्या, तपासणीत कॅन्सर निघाला. इंजेक्शनांनी गाठी बऱ्याच विरघळल्या, केस गेले, आणि उरलंसुरलं शेकानं जाईल असं मॅडमनी सांगितलं होतं. आमच्याकडे किरणांच्या उपचाराला सगळे शेकच म्हणतात. वॉर्डातल्या बायका एकमेकींना विचारायच्या, तुमचे किती शेक झाले, आमचे एवढे राहिले. जसं काही कुणी गरम वाळूची पुरचुंडी धरून बसलंय.

पहिल्या दिवशी माझा नवरा जिनपाल आला होता. तो दूध संघाच्या टँकरवर ड्रायव्हर. त्या मशीनच्या खोलीचं जाडजूड दार बघून त्याचा चेहरा उतरला. मुलीला आत एकटीला ठेवून सगळे बाहेर येतात, डॉक्टरसुद्धा, हे त्याला पटेना. त्यानं मॅडमना विचारलं, गाठ जळेल हे ठीक, पण भोवतीचं चांगलं मांस जळणार नाही का?

मॅडमना घाई होती, तरी त्या थांबल्या. म्हणाल्या, "किरण आत गेले की पेशीतला धागा तुटतो. वाईट पेशीतला तुटतो तसा चांगल्या पेशीतलाही तुटतो. पण चांगल्या पेशीला ते लगेच कळतं. उद्या सकाळी तुम्ही याल तोवर तिनं बहुतेक टाके घातलेले असतात. वाईट पेशीला तेवढं जमत नाही. म्हणून एकदम न देता रोज थोडं थोडं द्यायचं."

चंदनाला हे फार आवडलं. संध्याकाळी दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत तिनं आत्याला सगळं समजावून सांगितलं. रात्री आपण झोपलो की आत शिवणकाम चालतं म्हणे. आत्यानं विचारलं, कोण शिवतं? चंदना म्हणाली, आपलं आपणच.

आत्या म्हणजे माझी सासू. सख्खी आत्या, वडिलांची थोरली बहीण. मी दहावी झाले तशी ती आमच्या घरी आली आणि भावापुढं पदर पसरून तिनं मला मागून घेतलं. मला दुसरी स्थळं येत होती, त्यात बेळगावचा एक मास्तरही होता. वडिलांचा कल तिकडं होता. आत्या हटून बसली, जेवेना. शेवटी त्यांनी होय म्हटलं. मला दुःख नव्हतं. प्रत्येक सुट्टीत मी तिच्याकडेच असायची, जिनपालशी गोट्या खेळलेली. लग्नानंतरही त्याचं नाव माझ्या तोंडून एकेरीच जायचं. दुसरी सासू असती तर तिनं टोकलं असतं. आत्या हसायची.

चंदना उशिरा चालायला लागली, आणि लागली तीही झुलत. पाऊल टाकताना सगळं अंग आधी एकीकडं जायचं, मग दुसरीकडं. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, जन्मताना बाळ गुदमरलं असेल, मेंदूला जरा इजा आहे. आम्ही ते धरून चाललो. तेल लावलं, काठी दिली, शाळेत पहिल्या बाकावर बसवायला सांगितलं. डोकं चांगलं होतं तिचं. पाढे धडाधड म्हणायची, बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, म्हणायची स्तोत्रं तिला माझ्याआधी पाठ. आत्या तिला कडेवरून उतरू द्यायची नाही, आणि ती मोठी झाल्यावर तिचा हात सोडायची नाही. कुणी पाहुणी आली आणि पोर अशी का चालते विचारलं, की आत्या तिथल्या तिथं तोडून टाकायची. मला वाटायचं, नातीची माया.

फक्त एक गोष्ट तेव्हा मला कळली नव्हती. गाठ पहिल्यांदा दिसली त्या दिवशी मी चंदनाची वेणी घालत होते. मी आत्याला हाक मारून म्हटलं, बघ गं, इथं काहीतरी हाताला लागतंय. आत्यानं बोटं लावून बघितली आणि ती तिथंच जमिनीवर बसली. डॉक्टरांनी काही सांगायच्या कितीतरी आधी.

शेक सुरू होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता तेव्हा चंदनाची मान लाल झाली. वॉर्डातल्या बायका म्हणाल्या, होतंच, आमचंही झालं होतं, पण आमचं शेवटी शेवटी झालं. सिस्टर म्हणाली, काहींची कातडी नाजूक असते. पुढच्या आठवड्यात चौकोनातली कातडी ओली झाली, मग सुटायला लागली. तोंडात फोड आले. गिळताना ती दोन्ही हातांनी माझा दंड धरायची. आत्या सूर्य मावळायच्या आत तिला पेज भरवायला बसायची, आमच्यात दिवस मावळल्यावर खात नाहीत, आणि एका वाटीला इतका वेळ लागायचा की शेवटचे घास अंधारातच जायचे. आत्यानं त्याबद्दल कधी शब्द काढला नाही. स्वतः मात्र उपाशी झोपायची.

मॅडमनी शेक थांबवले आणि तिला वॉर्डातच ठेवून घेतलं. म्हणाल्या, थोडे दिवस विश्रांती देऊ, भरून येईल, मग पुढचं बघू.

भरून आलं नाही. मी रोज उजाडलं की पट्टी सोडवून बघायची. रोज मला वाटायचं की कडेनं जरा सुकलंय. मलम लावताना कळायचं की जखम काल होती त्याहून आत गेलीय. ज्या जागी शेक द्यायचेच थांबवले होते, ती जागा आपली आपण खोल होत होती. मला कळेना की भांडायचं कुणाशी. कुणी काही चुकीचं करत नव्हतं. सिस्टर हळू हातानं धुवायची, मॅडम दिवसातून दोनदा येऊन जायच्या. आणि पोरीचा गळा आमच्या देखत उघडा पडत चालला होता.

एकदा सकाळी चंदनानं मला जवळ बोलावलं. तिला मोठ्यानं बोलता येत नव्हतं. म्हणाली, "आई, रात्रीत भरतं म्हणाल्या होत्या ना? माझं का भरत नाही?"

मी म्हटलं, तुझं हळू भरतंय. ती विचार करून म्हणाली, मी दुपारी पण झोपत जाऊ का? आणि त्या दिवसापासून ती दुपारीही डोळे मिटून पडून राहायची. झोप लागायची नाही. पापण्या हलत असायच्या.

मॅडम एका दुपारी अशाच आल्या. चंदनानं डोळे उघडले तेव्हा खिडकीतलं ऊन सरळ तिच्या तोंडावर पडलं होतं. मॅडम वाकल्या आणि तशाच राहिल्या. मग त्यांनी अंगठ्यानं तिची पापणी वर केली. चंदनाच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागात बारीक लाल शिरा होत्या, कोपऱ्यापासून बुबुळापर्यंत गेलेल्या. मॅडमनी विचारलं, हे कधीपासून? मी सांगितलं, लहानपणापासून. डोळे आलेत समजून आम्ही थेंब घालायचो, जात नव्हतं, मग सोडून दिलं.

त्यांनी तिला उठवून उभं केलं, दोन्हीकडून धरून चार पावलं चालवलं. मग परत निजवलं, पांघरूण सारखं केलं. मला विचारलं, "तुमचं लग्न नात्यातलं आहे का?"

मी म्हटलं, सख्ख्या आत्याचा मुलगा.

"घरात आधी असं मूल कुणी होतं? असं झुलत चालणारं?"

मी नाही म्हटलं. मला खरोखरच माहीत नव्हतं. आत्या पलंगाच्या पलीकडं वाटी पुसत होती. ती पुसतच राहिली.

मॅडमनी जिनपालला बोलावून घ्यायला सांगितलं. तो दुसऱ्या दिवशी आला. आम्हा दोघांनाच त्यांनी आपल्या खोलीत बसवलं, आत्या चंदनापाशी थांबली. मॅडम म्हणाल्या, रक्त मुंबईला पाठवलंय, उत्तर यायला वेळ लागेल, पण मला आता शंका उरलेली नाही. हा आजार मी शिकताना पुस्तकात वाचला होता, डोळ्यांनी कधी बघितला नव्हता. झुलणं, डोळ्यांतल्या शिरा, गाठी, सगळं एकाच मुळाचं. जन्मताना काही गुदमरलं वगैरे नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. धागा तुटला की पेशीच्या आत एक निरोप जातो. तो निरोप मिळाला की पेशी सगळी कामं थांबवते, दुरुस्तीची मंडळी येतात, टाके पडतात. चंदनाच्या अंगात तो निरोप देणारंच कुणी नाही. धागे तुटून पडतात आणि कुणाला कळतच नाही. आपण पहिल्या दिवशी शेक दिला, रात्रीत काही सांधलं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यावर दिला. तिसऱ्या दिवशी त्यावर.

जिनपाल म्हणाला, आता ते काढून टाकायचं काही औषध असेल ना?

"दिलेला शेक परत काढता येत नाही," मॅडम म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मला आधी कळलं असतं तर मी तिला त्या खोलीत नेलंच नसतं."

त्यांचा आवाज सरळ होता, पण त्यांनी आमच्याकडं बघितलं नाही. जिनपालनं विचारलं, हे आलं कुठून? मॅडमनी सांगितलं, तुम्हा दोघांत हा दोष अर्धा अर्धा आहे. अर्ध्यानं माणसाला काही होत नाही, म्हणून तुम्हाला कळलं नाही. तुमच्या आजी-आजोबांपैकी कुणाकडून तरी तो दोन्ही घरांत उतरला आणि पोरीत दोन्ही अर्धे एकत्र आले. मी विचारलं, माझं लग्न परक्या घरात झालं असतं तर? मॅडम म्हणाल्या, परक्या माणसात हा दोष असणं फार विरळा. तर मग तुम्हाला असं मूल बहुतेक झालं नसतं. यांनाही झालं नसतं.

बाहेर आल्यावर जिनपाल व्हरांड्यातल्या बाकावर बसला. म्हणाला, आईला यातलं काही सांगायचं नाही. मी म्हटलं, नाही सांगायचं. मग तो टँकरवर गेला. जावंच लागत होतं, पण त्या दिवशी त्याला जायचंही होतं.

दुपारी चंदना गुंगीत होती. मी पट्ट्यांचे कपडे घेऊन धर्मशाळेच्या मागच्या नळावर गेले. आत्या तिथं आधीच होती. मी बसले तशी तिनं माझ्या हातातला पिळा काढून घेतला आणि स्वतः धुवायला लागली.

मग ती म्हणाली, "हुतं गं घरात."

मला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलतेय.

"मॅडमनी इचारलं न्हवं, असं पोर हुतं का म्हणून. हुतं. माझी धाकटी बहीण. तारा. तुझ्या बापालाबी नीट आठवत नसंल, त्यो पाळण्यात हुता."

हात न थांबवता ती सांगत गेली. तारा अशीच झुलत चालायची. तिचे डोळे असेच लाल. पोरं तिला दारुडी म्हणून चिडवायची. मग कानामागं गाठी आल्या आणि एका उन्हाळ्यात ती गेली. तिचं नाव घरात पुन्हा घ्यायचं नाही अशी आईनं शपथ घातली होती, कारण आत्याचं लग्न व्हायचं होतं आणि गावात बाया घराण्याला दोष आहे म्हणून कुजबुजायला लागल्या होत्या. लग्न झालं. पुढं आत्याची स्वतःची मुलं नीट चालायला लागेपर्यंत तिच्या जिवात जीव नसायचा. जिनपाल नीट चालला, नणंद विमल नीट चालली. तिला वाटलं, गेलं एकदाचं.

"मग तू वयात आलीस," आत्या म्हणाली, "आन् माझ्या मनानं घेतलं, आता माझ्या भावाच्या लेकीच्या पोटी येणार."

तिनं पिळा झटकला. तारासाठी आईला काय काय ऐकावं लागलं ते तिनं बघितलं होतं. माझ्या आजोबांच्या आईनं सुनेला दोन वर्षं चुलीपाशी येऊ दिलं नव्हतं. तिचा बाप जिवंत होता, घर ओळखीचं होतं, तरी. मग परक्या घरात माझं काय झालं असतं?

"बेळगावच्या त्या मास्तरानं असलं पोर बघून तुला दारात उभी केली नसती. म्हणून मी भावापुढं पदर पसरला. म्हटलं, काय यायचं ते माझ्या घरात येऊ दे. माझ्या घरात तुला कोण बोलणार?" मग पहिल्यांदाच तिनं माझ्याकडं बघितलं. "चंदना पहिलं पाऊल टाकली तवाच मी वळखलं. कुणाला बोलले न्हाई. बोलून काय हुणार हुतं, सांग. पण तुला कधी कुणी वाकडा शबूद बोललं का? कुणी बोट दाखवलं?"

कुणीच नाही. हे अगदी खरं होतं. अकरा वर्षांत त्या घरात मला, माझ्या मुलीला, कुणी एका शब्दानंही दुखवलं नव्हतं.

माझ्यासमोर ती बसली होती, कोपरापर्यंत हात भिजलेले, उपासानं गाल बसलेले. तिला काय माहीत नव्हतं ते मला त्या सकाळी कळलं होतं. तारा डॉक्टरांना माहीत असती तर शेक दिलेच गेले नसते. आणि मास्तराच्या घरात मला धडधाकट मूल झालं असतं. दोन वाक्यं होती. दोन्ही माझ्या तोंडात होती.

मी म्हटलं, "बरं केलंस आत्या. तू नसतीस तर माझं काय झालं असतं."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि उरलेले कपडे धुतले.

चंदना दिवाळीच्या आधी गेली. शेवटी शेवटी तिला नळीनं दूध जायचं. गाठी परत आल्या नव्हत्या, ते मॅडम पुन्हा पुन्हा बघायच्या. शेकानं आपलं काम चोख केलं होतं. शेवटचे दिवस तिनं डोळे मिटूनच काढले. मी कपाळावर हात ठेवला की बोटं हलवून सांगायची, जागी आहे. मग एका सकाळी सांगितलं नाही. मुंबईचा रिपोर्ट त्यानंतर आला. मॅडम म्हणाल्या तेच होतं.

आम्ही दुसरं मूल होऊ दिलं नाही. आत्यानं खूप समजावलं. नवस बोलली, माझ्यासाठी उपास केले, एकदा रागानं जिनपालला म्हणाली की हिचं मन दगडाचं झालंय. जिनपाल टँकर घेऊन जायचा, मी घरात असायची.

बऱ्याच वर्षांनी, जिनपालही गेल्यानंतर, आत्यानं एक नवीन गोष्ट काढली. विमलची मुलगी लग्नाची झाली होती आणि माझ्या भावाचा मुलगा इंजिनियर होऊन आला होता. दोघांचं एकमेकांवर मनही होतं बहुतेक. आत्या म्हातारपणानं वाकली होती, पण त्या दिवशी तिच्या तोंडावर मला मागायला आली होती तेव्हाचं तेज होतं. म्हणाली, पोर परक्या घरात जायला नको, आपल्यातच राहील.

मी नको म्हटलं. कारण विचारलं तर सांगितलं नाही. भावाला मात्र एकट्याला गाठून सगळं सांगितलं, आणि आत्याच्या कानावर जाऊ द्यायचं नाही असं वचन घेतलं. त्यानं मुलाला समजावलं, स्थळ मोडलं. विमल माझ्याशी बोलायची बंद झाली. नात्यात माझ्याबद्दल बोलणं झालं, राजमतीला स्वतःला मूलबाळ उरलं नाही, दुसऱ्याचं सुख बघवत नाही. मी ऐकून घेतलं.

आत्या भांडली नाही. काही दिवस जेवली नाही, एवढंच. मग एका संध्याकाळी मी तिच्यासाठी पेज घेऊन गेले. दिवस मावळायला आला होता. तिनं वाटी घेतली नाही. माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

"खरं सांग मला," ती म्हणाली. "माझ्या घरात तुला काय दुःख झालं गं? कुणी काय बोललं?"

मी म्हटलं, "काही नाही आत्या. कुणीच काही बोललं नाही."

"मग?"

मी तिच्या तोंडाला वाटी लावली. म्हटलं, आधी खाऊन घे, अंधार होतोय.